शास्त्रीय संकीर्ण : खापराचें कुलगोत्र

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले. मातीच्या भांड्यांच्या बाबतींत मात्र शास्त्रज्ञांनीं ही मर्यादा ओलांडली आहे. आणि मौज अशी, कीं खापराचें कूळ शोधावयाचें तर त्यांस आधीं नदीचेंच मूळ गांठावें लागतें. हें कसें घडतें आणि आपणां गृहस्थांचा त्याशीं संबंध काय, याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत, संगमनेरच्या पूर्वेस प्रवरेच्या कांठीं जोर्वें नांवाचें गांव आहे. तेथें १९५०-५१ सालीं डॉ. हसमुख सांकळिया व डॉ. शांताराम देव यांनीं उत्खनन केलें, तेव्हां एका विशिष्ट जातीचीं भांडीं हातीं आलीं. चाकावर घडविलेलीं, तांबूस अंगाचीं, वर काळ्या रंगानें रेषा व चौकटी काढलेलीं, आणि इतकीं खरपूस भाजलेलीं, कीं टिचकी मारतांच धातूसारखा नाद उमटावा. धारदार कंगोऱ्याचे वाडगे व नळीसारख्या तोटीचीं भांडीं हे त्यांतील खास आकार. इ. स. पूर्वी सुमारें १४०० ते १००० या काळांतील हीं भांडीं पुढें नेवासें, दायमाबाद, घोड नदीवरील इनामगांव, तापीकांठचें प्रकाशें अशा दूरदूरच्या स्थळीं सांपडलीं, आणि सर्वांस या लहानशा गांवाचेंच नांव पडलें.

येथें एक प्रश्न उभा राहतो. फिरलीं तीं भांडीं, कीं फिरला तो कुंभार? नव्या सुनेच्या हातीं माहेरच्या घाटाची वाटी दिसली, तर ती माहेराहूनच आली असेल, किंवा तोच घाट सांगून सासरच्या कासाराकडून करविली असेल. डोळ्यांस दोन्ही सारख्याच. पहिल्या पक्षीं गांवोगांव मालाची वाहतूक व बाजार होता असें ठरेल. दुसऱ्या पक्षीं गांवोगांव कुंभार होता आणि त्याची विद्या एका परंपरेंतली होती असें ठरेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचें चित्र या उत्तरानें पालटतें.

आकार बोलत नाहीं, तेथें माती बोलते. माती म्हणजे झिजलेला खडक. सिलिका, ॲल्युमिना व लोह हीं सर्वच मातींत असतात. परंतु क्रोमियम, स्कँडियम, लँथॅनम इत्यादि मूलद्रव्यें दशलक्ष भागांच्या हिशेबानें मोजावें इतक्या अल्प प्रमाणांत असतात, आणि तीं प्रमाणें मूळ खडकाप्रमाणें बदलतात. भट्टींत रंग पालटला व पाणी उडालें, तरी हा संस्कार बहुतेक टिकून राहतो. थिओडोर रिचर्ड्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १८९५ सालींच अथेन्सच्या प्राचीन भांड्यांचें पृथक्करण करून पाहिलें होतें. त्यासच पुढें १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां खापरावर क्ष-किरण सोडले, कीं प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठराविक किरण परत देतें, व त्यांवरून प्रमाण मोजतां येतें. शिवाय खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, म्हणजे मातींतील वाळूचा कणन् कण ओळखतां येतो. इटलींतील नेपल्सकडचे द्राक्षासवाचे कुंभ व्हेसुव्हियसच्या परिसरांतील काळ्या ज्वालामुखी वाळूवरून असेच ओळखले जातात. भारतांत रोमी कुंभांचे म्हणून नोंदलेले कांहीं तुकडे तर पुनः तपासतां मेसोपोटेमियाकडील, आंतून डांबर लावलेल्या कुंभांचे ठरले!

मात्र आपल्या भूमींत हें काम सोपें नाहीं. प्रवरा, गोदावरी, घोड, भीमा या साऱ्या एकाच काळ्या बसाल्ट खडकावरून वाहतात. माळव्याचें पठारही त्याच खडकाचें. गोत्र एक, प्रवरही जवळजवळ एक. मग भाऊबंदांत निवड कशी करावी? त्यास उपाय असा, कीं एका खापरावर निकाल न देतां पुष्कळ खापरें तपासावीं आणि तीं त्या त्या नदीच्या मातीशीं ताडून पाहावीं. सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे जुन्या भट्टीजवळ पडलेला बिघडलेला माल. तो कोणी परगांवाहून आणीत नसतो.

रसायनशास्त्राची दुसरी मर्यादा याच जिल्ह्यानें दाखविली आहे. १९७४ सालीं दायमाबाद येथें झाडाचें मूळ खणतांना एका गांवकऱ्यास रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुप्रतिमा सांपडल्या. वजन एकंदर ६० किलोग्रॅमांहून अधिक. कित्येक विद्वानांनीं त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या. पृथक्करणांत मात्र आर्सेनिक शेंकडा १ हून अधिक भरलें, आणि त्यावरून डॉ. डी. पी. अग्रवाल यांनीं त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असें मत दिलें. पद्धतशीर उत्खननांत, शाबूत थरांतून त्या निघाल्या असत्या, तर वादास एवढी जागाच उरली नसती. द्रव्य कोणतें हें प्रयोगशाळा सांगते. काळाची साक्ष थर देतो.

म्हणून आमचें सांगणें आहे. जुन्या वस्तीच्या टेंकाडास आपल्याकडे पांढरी म्हणतात, आणि तिची राखट माती खतासाठीं व धाब्यासाठीं गाड्या भरभरून नेण्याची चाल आहे. त्या मातीबरोबर थर जातो, आणि मागें उरलेलें खापर पोरकें होतें. ज्या कुटुंबांच्या शेतांत अशी पांढरी असेल, त्यांनीं ती मोडूं देऊं नये. विहीर खणतांना रंगीत खापरें दिसलीं, तर काम थांबवून जागा व खोली टिपून ठेवावी, खापरें घासूनपुसून लख्ख करूं नयेत, आणि पुरातत्त्व विभागास किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावें. आपल्या घरची वंशावळ आपण जपून ठेवतों. या भूमीची वंशावळ तिच्या थरांत लिहिलेली आहे, आणि तिची दुसरी प्रत कोठेंही नाहीं.