किती जणांनी पाहिले, आणि तपासले कोणी?

आमच्या व्यापारी बांधवांची एक जुनी सवय आहे. माल दुकानाबाहेर पडण्यापूर्वी मालक एकदा त्यावर स्वतःचा हात फिरवतो. शालीचा काठ उलटून पाहतो, चपलेची शिवण ओढून पाहतो, बिलावरचा आकडा स्वतः वाचतो. गल्ल्यावर मुलगा बसू लागला तरी ही नजर सुटत नाही. हाच मालक आपल्या वेबसाइटवर काय छापले गेले आहे ते मात्र महिनोन्महिने वाचत नाही. संध्याकाळी एवढेच विचारतो, "आज किती जणांनी पाहिले?"

आमच्या परिचयातील एका हिमरू व्यापाऱ्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. दुकान औरंगाबादचे, म्हणजे २०२३ मध्ये ज्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले त्या शहरातले. वेबसाइट भाच्याने उभी केली. मुलगा हुशार आणि मेहनती. त्याने एका शालीच्या पानावर "शुद्ध रेशीम" असे लिहिले. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असते, हे त्या गल्लीतील लहान पोरही सांगेल. भाच्याचा हेतू फसवण्याचा मुळीच नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी साडीच्या पानावरचा मजकूर त्याने उचलला आणि चिकटवला. पुढे नेमके तेच पान सर्वांत जास्त पाहिले जाऊ लागले, कारण लोक शुद्ध रेशीमच शोधत होते. आकडा वाढला, मामा खूश झाले. मग पार्सले परत येऊ लागली आणि एका ग्राहकाने सरळ "तुम्ही खोटे लिहिले" असे कळवले. तीस वर्षांत दुकानावर कोणी असा शब्द उच्चारला नव्हता.

येथे कायद्याचेही भान हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. पानावर जे गुण लिहिले ते मालात नसतील, तर माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. "मजकूर भाच्याने टाकला" ही सबब तेथे चालणार नाही. पान दुकानाचे, म्हणून शब्दही दुकानाचाच.

आमचे म्हणणे असे की लिहिणारा हात आणि प्रसिद्ध करणारा हात वेगळे असावेत. यासाठी फार खर्च नाही. आपल्यापैकी अनेकांच्या साइट वर्डप्रेसवर बनलेल्या आहेत आणि त्यात ही सोय मुळातच आहे. लिहिणाऱ्याला 'कॉन्ट्रिब्युटर' हा दर्जा दिला की तो लेख लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. त्याचा मजकूर 'पेंडिंग रिव्ह्यू' म्हणून थांबतो. 'एडिटर' दर्जाचा माणूस तो वाचतो, सुधारतो आणि मगच सोडतो. दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाहीत, तेव्हा ते काम एडिटरकडे ठेवावे लागते. आणि ही व्यवस्था लेखांपुरती आहे. साइटवरची कायम पाने आणि विक्रीच्या मालाची पाने यांसाठी वेगळे अधिकार लागतात, ते साइट बनवणाऱ्याकडून करून घ्यावेत.

पण प्रत्यक्षात काय चालते? सगळ्या दुकानात एकच पासवर्ड. मालक, मुलगा, भाचा, फोटो काढणारा, सारे त्याच नावाने आत जातात. वर्डप्रेस प्रत्येक बदलाची जुनी प्रत आणि बदल करणाऱ्याचे नाव जपून ठेवते, पण नावच एक असेल तर चूक कोणाच्या हातून झाली ते कसे कळणार? तिजोरीची किल्ली आपण अशी टांगून ठेवतो का?

आता त्या आकड्याविषयी. पान पाहिले गेल्याची संख्या आणि पाहणाऱ्यांची संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसाने पान चार वेळा उघडले तर चार भेटी मोजल्या जातात. तोच माणूस मोबाइलवरून आणि कॉम्प्युटरवरून आला तर बहुधा दोन माणसे मोजली जातात. शिवाय दुकानातील मुले दिवसातून दहादा आपलीच साइट उघडतात, तेही त्यात येते. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये आपल्या दुकानाच्या जोडणीवरून झालेल्या भेटी वगळण्याची सोय आहे, ती लावून घ्यावी. तेवढ्याने आकडा घटला तर वाईट वाटून घेऊ नये.

तरीही आकडा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो वापरायचा कशासाठी, एवढाच प्रश्न आहे. जे पान सर्वांत जास्त पाहिले जाते त्यावरची चूक सर्वांत महाग पडते. म्हणून महिन्याच्या शेवटी पहिली दहा पाने काढावीत आणि ती पुन्हा वाचावीत. एकदा मंजूर झालेले पान कायमचे खरे राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर ५ टक्के दराची मर्यादा १००० वरून २५०० रुपयांवर गेली. ज्यांनी त्यानंतर आपली पाने वाचली नाहीत त्यांनी आज बसून वाचावीत.

मंजुरी द्यायची कोणी? मालकाला वेळ नसतो, हे खरे. आमच्या मते मालाचा मजकूर निदान एकदा कारागिराच्या कानावरून गेला पाहिजे. विणणाऱ्याला, शिवणाऱ्याला, ठोकणाऱ्याला जे ठाऊक असते ते कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलाला ठाऊक नसते. पुष्कळ कारागीर इंग्रजी वाचत नाहीत, काही जण फक्त उर्दू वाचतात. मग मजकूर त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. फोनवरही होते. पाच मिनिटांचे काम आहे. "आम्हा मुलांवर विश्वास नाही का?" असे घरातील तरुण विचारतील. त्यांना सांगावे की बिलाचा आकडा बापही दुसऱ्याकडून तपासून घेतो.

त्या हिमरू व्यापाऱ्याने आता हीच पद्धत ठेवली आहे. भाचा लिहितो, मागावरचे वयस्कर कारागीर ऐकतात, मामा सोडतात. शालीच्या पानावरच्या भेटी थोड्या कमी झाल्या, पार्सले परत येणे मात्र थांबले. पहिल्याच आठवड्यात कारागिरांनी एक शब्द काढायला लावला. भाच्याने हौसेने "किनखाब" लिहिले होते. म्हातारे म्हणाले, "बेटा, किनखाबमें जर होता है. इसमें कहाँ है?"