बापूंनीसुद्धा लिहून ठेवलं होतं

सेवाग्रामची बापूकुटी पाहून बाहेर पडणारा माणूस हमखास म्हणतो, यांच्यापाशी तर काहीच नव्हतं. खरं आहे. तरी या काहीच नसलेल्या माणसाने 1940 साली मृत्युपत्र केलं होतं. मी स्वतःचं असं काही मानत नाही, पण कायद्याने किंवा रूढीने जे माझं ठरेल ते, आणि माझं सगळं लिखाण, नवजीवन संस्थेकडे जावं, असा त्याचा आशय. त्या लिखाणाचे हक्क 2008 संपेपर्यंत नवजीवनकडेच राहिले. गांधीजी बॅरिस्टर होते. सोडून द्यायचं म्हटलं तरी कागद लागतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातला चार एकरवाला? कपाशी-तुरीचं वावर, गावात घर, सोसायटीचा शेअर, बँकेत एखादी ठेव, बायकोच्या अंगावरचं सोनं. मृत्युपत्राचा विषय काढला की म्हणतो, "मी काय टाटा-बिर्ला हाय?" आमच्या ओळखीतल्या एका काकाजींना मी एकदा भीतभीतच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिरडीचे बांबूच आणायला निघालो आहे. "अभद्र कायले बोलतं गा? माहे पोट्टे काही भांडनारे नाहीत."

पोरं भांडत नाहीत हे मला मान्य आहे. पण भांडणाशिवायही बरंच अडतं. बाप गेला आणि सातबाऱ्यावर त्याचंच नाव राहिलं, तर पीक कर्जाच्या वेळी बँकेत अडतं, नुकसानीची मदत आली की अडतं. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवावं, असं जमीन महसूल संहिता सांगते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे. त्यानंतर फेरफार, नोटीस, हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. एवढं साधं काम पिढ्यान्‌पिढ्या राहून जातं. शेवटी सरकारलाच 2025 च्या एप्रिलमध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यभर काढावी लागली. मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी मोहीम काढावी लागते, यावरूनच काय ते समजा.

गप्प बसलेलं घर जागं होतं ते मोबदल्याच्या वेळी. समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, आर्वीकडून गेला, तेव्हा जमिनीला आलेला भाव गावाने पाहिला. आता पवनारपासून पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. विनोबांच्या पवनारात जमीन द्यावी कशी याचे धडे मिळाले, आता घ्यावी कशी याचे मिळतील. अशा वेळी आजोबांच्या नावावरच्या एका गटाला अचानक सतरा वारस निघतात. एक सुरतला, एक पुण्याला, एका आत्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही, आणि सगळ्यांच्या सह्या हव्या असतात.

त्या आत्याचंच बोलू. माणूस मृत्युपत्राविना गेला तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. आई हे वाचून पुष्कळजण दचकतात. तरणा मुलगा गेला तर सून आणि नातवंडांइतकाच त्याच्या आईचाही वाटा असतो, आणि या बाबतीत सासू-सुनेचं पटणं-न पटणं कायदा विचारत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. महाराष्ट्राने ही सुधारणा 1994 मध्ये केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. ती दुरुस्ती आली तेव्हा बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. तरी आपल्याकडे बहिणीला बोलावून, साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहीण खुशीने देत असेल तर माझं काही म्हणणं नाही. मात्र त्या दिवशी तिला कागद वाचून दाखवलेला मी अजून पाहिला नाही.

हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. आदिवासी समाजात सहसा त्यांच्या रूढीप्रमाणे वाटणी होते. मुस्लिम कुटुंबांचे नियम निराळे. तिथे बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मृत्युपत्राची नक्कल उतरवून घेऊ नका.

दुसरा मोठा गैरसमज नॉमिनीचा. "बँकेत पोराचं नाव टाकलं, झालं." नाही झालं. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो; ते कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. याचं ठळक उदाहरण ज्यांचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर असेल त्यांच्याच घरचं आहे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर ऑगस्ट 2013 मध्ये गेले. मृत्युपत्र त्यांनी 2011 मध्येच केलेलं होतं. पण म्युच्युअल फंडांत नॉमिनी म्हणून ज्यांची नावं होती त्यांचं म्हणणं, ही रक्कम आता आमची. वाद मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही. घराघरातल्या तिथी आणि मुहूर्त सांगणाऱ्या माणसाच्या घरी या एका प्रश्नाला दहा वर्षं लागली. आयुर्विम्यात 2015 पासून आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना जास्त बळ दिलं आहे, पण त्या कलमाच्या अर्थावरूनही कोर्टकज्जे झालेच. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. लावा, पण मृत्युपत्रात एक नाव आणि पासबुकात दुसरं, असं करून जाऊ नका.

मृत्युपत्र करायला फार काही लागत नाही, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. कोरा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. तरी जमीन असेल तर दुय्यम निबंधकाकडे करून टाकावी, पुढे शंका काढणाऱ्याचं तोंड बंद होतं. लिहिणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक, कुणाला काय, सगळं नावानिशी. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं. मन बदललं तर नवं करावं. शेवटचं जे असेल ते खरं. वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो, आख्खं वावर नाही. मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची कोर्टाची मान्यता, घेणंही सक्तीचं नाही.

"मग जिवंतपणीच पोरांच्या नावावर करून टाकतो," असं काही म्हणतात. बक्षीसपत्राला मुद्रांकात सवलत असल्याने मोहही होतो. मी याच्या विरुद्ध आहे. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की परत फिरवणं महाकठीण. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळ न करणाऱ्याकडून परत मागता येतं, पण सांभाळाची अट कागदात लिहिलेली असली तर बाजू भक्कम राहते, आणि पोराला देताना अट घालायची बापाला लाज वाटते. म्हाताऱ्याने वावर शेवटपर्यंत आपल्या नावावर ठेवावं. चहा वेळेवर मिळतो.

मूल नसलेल्या बाईने तर हे काम उद्यावर टाकूच नये. तिचा नवरा हयात नसेल आणि तिने काही लिहून ठेवलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिने स्वतः कमावलेलंही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांकडे किंवा भावंडांकडे नाही. फक्त माहेरहून वारशाने आलेलं माहेरी परततं. आयुष्यभर शाळेत नोकरी केलेल्या किती मावशींना हे माहीत आहे, विचारून पाहा.

काकाजी शेवटी तयार झाले. पण साक्षीदार म्हणून त्यांनी आणले पारावरचे दोन सोबती, दोघंही त्यांच्याहून वयाने मोठे. मी म्हटलं, "काकाजी, उद्या कोर्टात सही ओळखायची वेळ आली तर यातलं कोणीतरी जिवंत पाहिजे ना." त्यावर त्या दोघांनीच मला सुनावलं, आणि काकाजींनी गावातल्या शाळेचे तरुण मास्तर बोलावले.