डबीला सूट कुणी दिली?

चातुर्मास लागला की बस्तीत नियम घ्यायची लगबग सुरू होते. आपल्याकडच्या बायका त्या चार महिन्यांत काय काय सोडत नाहीत! कंदमुळं तर जन्मापासूनच सुटलेली. मग कुणी पालेभाजी सोडते, कुणी दही सोडते, कुणी आठवड्यातून एक दिवस मीठ सोडते. रात्रीचं पाणीसुद्धा बंद. यादी दरवर्षी लांबत जाते आणि आम्हाला तिचा अभिमानही असतो. पण या सगळ्या सोडासोडीत कमरेच्या पिशवीतली ती लहानशी डबी जिथल्या तिथे राहते. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि बाई आपण होऊन सांगत नाही.

तपकिरीच्या डबीबद्दल बोलतेय मी. गुलाबाची, केवड्याची, मोगऱ्याची. अंगठा आणि तर्जनीत मावेल एवढी चिमूट, आधी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या, दोन शिंका, डोळ्यांत पाणी, आणि त्यानंतर चेहऱ्यावर उतरणारं ते समाधान. हे समाधान खोटं असतं असं मी म्हणणार नाही. जिच्या दिवसात पहाटेपासून चूल, गोठा, रान आणि पुन्हा चूल, तिचं स्वतःचं असं काही असेल तर ती पाच मिनिटं. दुपारची भांडी आटोपली की सोप्यात दोघी-तिघी टेकतात, डबी या हातातून त्या हातात फिरते, सासरच्या-माहेरच्या गोष्टी निघतात. पुरुषांना पानपट्टी होती, चावडी होती, बाजाराचा दिवस होता. बायकांना ही डबी होती. त्यात सुख होतं हे मला पुरतं मान्य आहे. सुख नसतं तर भांडणच नव्हतं, कधीच सुटली असती.

हल्ली या डबीवर हळवं लिहायची टूम निघाली आहे. आज्जीचं इरकल लुगडं, त्याला येणारा गुलाबी तपकिरीचा वास, तिच्या मांडीवरची झोप. वाचताना गळा दाटतो म्हणे. आज्जीच्या नाकाचं पुढे काय झालं ते त्या लिखाणात नसतं. कायमची चोंदलेली सर्दी नसते, रात्रीचं घोरणं नसतं, आणि उशीखालचा तो तपकिरी डाग पडलेला रुमाल तर नसतोच. रंगाला नाव त्या पुडीवरूनच पडलंय बरं का, पण रुमाल धुणाऱ्या सुनेनं अजून तिच्यावर लेख लिहिलेला नाही.

आपल्या बायकांची पहिली सबब मोठी हुशारीची आहे. "अगं, ती काय पोटात जाते का?" आहार चार प्रकारचा, खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय. तपकीर आपण चावत नाही, चाखत नाही, चाटत नाही, पीत नाही. म्हणजे आहारच नाही, म्हणजे उपवास मोडत नाही! उलट उपवासाच्या दिवशी दोन चिमटी जास्त, कारण भूक मरते. आता ही भूक मरते कशानं? नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून निकोटिन सरळ रक्तात उतरतं, त्याला पोटाची वाट लागत नाही. उपवासात भूक सोसायची असते, तिला गुंगी द्यायची नसते. चार आहारांची व्याख्या तोंडपाठ असणाऱ्या बाईला हे कळत नाही यावर माझा विश्वास नाही. कळतं, पण डबी वाचवायची असते.

दुसरी सबब औषधाची. सर्दी मोकळी होते, डोकं उतरतं, डोळे साफ होतात. आमच्या कानडी शेजारणी तपकिरीला नश्य म्हणतात, आणि मग सहज आयुर्वेदातलं नस्य त्याला नेऊन चिकटवलं जातं. नस्य म्हणजे नाकात घालायची औषधी तेलं, चूर्णं. त्यात तंबाखू कुठून येणार? चरक-सुश्रुतांनी तंबाखूचं झाड पाहिलेलंच नव्हतं. ते अमेरिकेतलं झाड, पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे उतरलं. अकबराच्या दरबारात तंबाखू पोचला तो आपल्या शेजारच्या विजापुराहून, असद बेग नावाच्या सरदारानं तो तिथून नेला, सतरावं शतक नुकतं लागलं होतं तेव्हा. म्हणजे हे 'परंपरेचं औषध' जेमतेम चारशे वर्षांचं. पाव्हणा म्हणून आला आणि माजघरात जाऊन बसला.

"सप्तव्यसनांत तपकीर कुठं सांगितलीय?" असंही एका काकूंनी मला विचारलं होतं. नाही सांगितलेली. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. ही सात मोजणाऱ्यांच्या देशात तंबाखू आलेलाच नव्हता, मग ते कसं सांगतील? पण त्यांनी नाव नाही सांगितलं तरी माप सांगून ठेवलंय, आणि ते माप आपण पुन्हा एकदा काढून बघायला हवं.

समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंडक श्रावकाचार आपल्या घराघरांत असतो, बहुतेक ठिकाणी लाल फडक्यात बांधलेला. त्यात भोगोपभोगाचं परिमाण सांगताना आचार्य सांगतात की ज्यात फळ थोडं आणि घात फार, ते सोडावं. उदाहरणं देताना मुळा येतो, ओलं आलं येतं, लोणी येतं, कडुनिंबाचं फूल येतं. आणि केतकी येते. केतकी म्हणजे आपला केवडा! बायांनो, आपल्या सगळ्यांत उंची डबीत ज्या फुलाचा वास घातलेला असतो, ते फूल त्या यादीत नावानिशी आहे, कारण त्याच्या पाकळी-पाकळीत जीव असतात. आपण आलं सोडलं, मुळा सोडला आणि केवडा नाकात घातला. कुणी म्हणेल, तपकिरीत आता खरा केवडा कुठला, बाटलीतला वास तो. असेल. पण मग पुढचा श्लोक वाचा. जे अनिष्ट, म्हणजे शरीराला अपायकारक, तेही सोडावं, आणि जे सज्जनांनी सेवन करू नये असं, तेही. इथे फुलाचा प्रश्नच उरत नाही. अपाय होतो की नाही एवढंच बघायचं.

अपायाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आता डबीवरच छापलेलं असतं. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्याच्या परिशिष्टात विडी-सिगारेटच्या रांगेत तपकीर स्वतंत्र नावानं आहे. लंडनच्या जॉन हिल या वैद्यानं तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींबद्दल इशारा दिला तो १७६१ साली. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था न जाळता घ्यायचा सगळाच तंबाखू, नाकातला धरून, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. गुलाबानं त्यात काही फरक पडत नाही. गुलाब घालतात तो तंबाखूचा उग्रपणा झाकायला आणि नव्या नाकाला घाबरवू नये म्हणून.

ही झाकाझाकी फक्त नाकापुरती नाही. तीच तपकीर आपल्याकडे कित्येक जणी दातांना लावतात, मिश्रीची बहीण म्हणून. गोव्याकडे तर ती टूथपेस्टसारखी ट्यूबमधून मिळायची, लवंग-पुदिना घातलेली, आणि बायका दिवसातून चार-चार वेळा दात घासायच्या. किती स्वच्छता! दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी घातली ती उगाच नव्हे. बाईनं धूर काढला तर गाव गोळा होतं, म्हणून बाईसाठी न दिसणारा तंबाखू शोधला गेला. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका शेकडा २ निघाल्या आणि बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या १२.८. आमची लाज सगळी धुराला.

आता मी जिथे यायचं म्हणत होते तिथे येते. आतापर्यंतचं वाचून आपल्या समाजातले अण्णा-दादा मान डोलावत असतील. बरं झालं, बाईनंच बायकांना सुनावलं. त्यांनी जरा थांबावं.

हा तंबाखू पिकतो कुठं? निपाणी, चिकोडी, आपलंच रान. तो विडीचा तंबाखू, देशभर नाव असलेला. आपल्यातल्या कित्येकांचे वाडे, मुलांची शिक्षणं, मुलींची लग्नं त्यावर झाली, आणि बस्तीच्या जीर्णोद्धाराच्या पाट्यांवर जी नावं आहेत त्यांतही वखारवाले आहेत. मी निंदा करत नाही, उगम सांगतेय. तंबाखूच्या रानात कधी गेलात? पानाला चिकट रस असतो, हात काळे होतात, आणि त्या रसात बारीक चिलटं चिकटून मरतात, एकेका पानावर किती ते मोजून बघा. फूल धरायच्या वेळेला शेंडा खुडतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. झाडाला स्वतःचं फूल येऊ द्यायचं नाही आणि मग त्याच्या पुडीला गुलाबाचा वास लावायचा! आणि मावा पडला की याच तंबाखूचं पाणी करून दुसऱ्या पिकावर शिंपडायची आपल्या शेतकऱ्यांची जुनी रीत. किडे मारायचं औषध म्हणून ते चांगलं काम करतं. पाणी गाळून पिणाऱ्यांच्या घरात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे.

श्रावकानं कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची यादी आपल्या शास्त्रांत आहे. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात तिची दखल घेतली आहे. तिच्यात विषाचा व्यापार आहे. बटाट्याची चर्चा दर पर्वाला होते. या यादीची चर्चा मी तरी बस्तीत ऐकलेली नाही. एकदा एका गावी विचारलं, तर एक विश्वस्त हसून म्हणाले, "ताई, तुम्ही स्वयंपाकघरातलं बघा." म्हणजे धर्म स्वयंपाकघरापुरता, आणि तो सांभाळायचा बायकांनी.

आणि वखारीत कोण बसतं? बायाच. आपल्यातल्या नव्हेत, गरीब घरांतल्या, कितीतरी परित्यक्ता, काही देवदासीसुद्धा. तंबाखू कुटायचा, चाळायचा, निवडायचा, दिवसभर. वखारीत उभं राहिलं तर दोन मिनिटांत ठसका लागतो. त्या बाईच्या नाकात तपकीर चिमटीनं जात नाही, श्वासाबरोबर जाते, तान्हं पोर शेजारी असेल तर त्याच्याही. डबी नाही, गुलाब नाही, सोप्यातली गंमत नाही. १९८०च्या सुमारास याच बायकांनी निपाणीत संघटना बांधली, मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी रस्त्यावर आल्या. छाया दातार यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय, आपल्या महिला मंडळांच्या कपाटात ते असायला हरकत नव्हती. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी हमरस्त्यावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. ते सगळ्यांच्या लक्षात आहे आणि असायलाच हवं. वखारीतल्या बायांचा मोर्चा मात्र विचारला तर म्हातारीकोतारी आठवून सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की सुरुवात म्हातारीच्या डबीपासून करू नका. पंचाहत्तरीच्या आक्काच्या हातातून डबी हिसकावून घेणारी सून आणि नातू मी बघितलेत. चार माणसांत तिला लाजवायचं, डबी गटारात फेकायची, आणि स्वतः त्याच दिवशी वखारीचं भाडं मोजून घ्यायचं. असला धर्म मला नको. तिची पन्नास वर्षांची सवय आहे, सोडली तर डोकं भणभणतं, चिडचिड होते. सोडायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू सुटते. तिला नियम द्यायचा असेल तर आधी तिच्याजवळ बसून तिची दुपार कशी जाते ते विचारा.

पण नव्या डब्या घरात येणं बंद करता येतं. तिशी-चाळिशीच्या बाईनं "डोकं दुखतंय, दे गं जरा चिमूट" म्हटलं तर देऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. सवाष्णींच्या हळदीकुंकवाला पानसुपारीच्या ताटात तपकिरीची डबी ठेवायची चाल अजून काही घरांत आहे, ती उद्यापासून बंद करता येईल, त्याला कुणाचा ठराव लागत नाही.

ठराव लागतो तो दुसरीकडे. चातुर्मासात नियमांची यादी वाचतात तेव्हा एक यादी बायकांची आणि एक धंदेवाल्यांची, अशा दोन वाचाव्यात, असं पत्र आमच्या महिला मंडळानं तयार केलंय. ज्यांच्या रानाला पाणी आलं त्यांनी ऊस केलाच की, सोयाबीन केलं. ज्यांना लगेच जमत नाही त्यांनी निदान वखारीत धूळ ओढून घेणारे पंखे बसवावेत, बायांना नाकाला बांधायला फडकी द्यावीत, पोरांना बसायला वेगळी खोली द्यावी. पत्रावर आतापर्यंत एकोणीस सह्या झाल्या आहेत. त्यांतल्या चौघी स्वतः तपकीर ओढतात, आणि सगळ्यांत आधी सही त्यांनीच केली.