जुन्या काँक्रीटची खडी विकावी, पण सांगून विकावी

गवंडीकाम, सेंटरिंग, सळई बांधणी, भंगार आणि जुन्या इमारतींची पाडापाडी या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. जुने घर पाडले की सळई भंगारात जाते. चौकटी, दारे, कौले यांनाही गिऱ्हाईक मिळते. उरतो तो राडारोडा. तो आजवर ओढ्याच्या काठी नाहीतर रस्त्याकडेला रिकामा होत आला. आता त्यातले काँक्रीट फोडून खडी करता येते आणि ती स्वस्त पडते. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, कापूरहोळपर्यंत डंपर यायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा ही खडी भोर-वेल्ह्यातल्या घरांत वापरावी की नाही, हा प्रश्न आपल्या व्यापाऱ्यांपुढे आहेच.

आमचे मत असे की खडी विकावी, वापरावीही. मात्र स्लॅब, बीम आणि कॉलमपासून ती दूर ठेवावी.

कारण नीट समजून घ्यावे. आपल्याकडचा काळा दगड घट्ट असतो, पाणी फारसे पीत नाही. जुन्या काँक्रीटच्या खडीला मात्र जुना सिमेंट-मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्यामुळे ही खडी कित्येक पट जास्त पाणी शोषते. मिक्सरमध्ये माल कोरडा वाटतो, मग गवंडी आणखी एक बादली ओततो, आणि ताकद तिथेच जाते. खडी आदल्या दिवशी भिजवून, वरचे पाणी निथळू देऊन वापरली तर हा दोष बराच कमी होतो. नव्या खडीत पाचवा हिस्सा अशी खडी मिसळली तर ताकदीत फार फरक पडत नाही. सगळीच जुनी घातली तर मात्र घट चांगलीच जाणवते.

पण ताकद हा अर्धाच हिशेब झाला. क्यूब 28 दिवसांनी दाबून पाहतात, घर मात्र पन्नास वर्षे उभे राहायचे असते. सच्छिद्र काँक्रीटमधून हवा आणि ओल सळईपर्यंत लवकर पोहोचते. सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. वरंधा घाटाच्या बाजूला किंवा पानशेतच्या वर ज्यांनी पावसाळा काढला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सरकारी मानकही याच अंगाने जाते. आयएस 383 च्या 1970 सालच्या आवृत्तीत फक्त नैसर्गिक खडी-वाळू होती. 2016 च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटच्या खडीला परवानगी दिली : सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-25 पर्यंतच, साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, तर एम-15 पेक्षा हलक्या कामात पूर्ण 100 टक्के. विटा-मातीमिश्रित राडारोड्याची खडी फक्त त्या हलक्या कामालाच चालते. आता दुसरे मानक पाहा. आयएस 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीनुसार जोरदार पावसाचा मारा आणि ओले-कोरडे सोसणाऱ्या सळईच्या काँक्रीटला किमान एम-30 लागते. म्हणजे वेल्ह्याच्या पश्चिम भागातल्या उघड्या गच्चीला, सज्जाला किंवा पाण्याच्या टाकीला ही खडी नियमानेच बसत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वाद मिटतो.

उरलेले काम थोडे नाही. पायाखालचा पीसीसी, फरशीखालचा कोबा, वाटेची भर यांत ही खडी निर्धास्त वापरावी. मात्र माल स्वच्छ हवा. पीओपी आणि जिप्समचा चुरा राहिला तर काँक्रीट पुढे फुगून तडकते. आणखी एक अडचण : आपल्या खेड्यांतली जुनी घरे बहुतेक दगड-मातीची. त्यांच्या राडारोड्यातून काँक्रीटची खडी निघणार कुठून? तिथला घडीव दगड मात्र फोडू नये, तो तसाच चांगल्या भावाने जातो.

धंद्याच्या दृष्टीने वेळ बरी आहे. केंद्राने 2025 मध्ये बांधकाम राडारोड्याचे नवे नियम काढले, अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026. त्यांत 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर राडारोड्याची जबाबदारी टाकली आहे. पुण्याच्या मोठ्या बिल्डरांना निवडलेला माल देणारा आणि उचलणारा माणूस लागेल. लोखंड आणि लाकूड वेगळे करण्याची सवय आपल्या लोकांना आहेच. काँक्रीटचा एक आणि विटा-मातीचा एक, असे आणखी दोन ढीग करायचे.

काही जण म्हणतील, खडीत खडी मिसळली तर गिऱ्हाइकाला कळते कुठे? प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असा सवाल त्याला झाला. आपल्या ढिगाचेही तेच आहे. बिलावर ‘जुन्या काँक्रीटची खडी, स्लॅबसाठी नाही’ असे मराठीत छापून घ्यावे, आणि भाव नव्या खडीपेक्षा कमी लावावा. छापखान्यात बिलबुक करायला टाकतानाच ही ओळ द्यावी, म्हणजे दर वेळी तोंडाने सांगायचे राहून जाणार नाही.