तीस सेकंदांचा खेळ

बंगळूरच्या छोट्या कॉलेजांमधल्या जुन्या बास्केटबॉल स्पर्धा म्हटलं की सिमेंटचं तापलेलं कोर्ट आठवतं आणि थेट रेषेपर्यंत सरकलेली गर्दी. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असे, चेंडू बास्केटकडे टाकायला तीस सेकंद मिळत. २००० मध्ये नियम बदलले: दहा मिनिटांची चार सत्रं आली, तिसाचे चोवीस सेकंद झाले. खेळ वेगवान झाला हे खरं, पण पास फिरवत, समोरच्याला दमवत केलेली ती संथ चढाई मला अजून प्रिय आहे; उंच खेळाडू नसलेल्या संघाचं तेच तर बळ होतं! चमकलेला मुलगा विजया बँकेच्या संघाचं, म्हणजे नोकरीचंही, स्वप्न पाही. ती बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. २०१७ मध्ये इथल्याच कंठीरव स्टेडियमवर भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ‘ब’ विभाग जिंकला. तो सामना पाहून चेंडू हाती घेतलेल्या मुली आज कॉलेजात असतील. बंगळूर विद्यापीठाची तीन विद्यापीठं झाली आहेत. तिघांनी मिळून छोट्या कॉलेजांसाठी दरवर्षी एक स्पर्धा भरवावी.