शेतनोंद: वादळ मतदानाच्या आधी आलं की नंतर?

आजच्या नोंदीत फवारणी नाही, तोडा नाही, बाजारभावही नाही. थोडं राजकारण आहे, पण पक्षाचं नाही. कुणाला मत द्या हे या पेजवर कधी लिहिलं नाही, आजही लिहिणार नाही.

निवडणूक तोंडावर असताना अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की टीव्हीवर एकच चर्चा सुरू होते. मतदान घटणार का, सभा रद्द होणार का, फायदा कुणाला, तोटा कुणाला. आमच्यासारख्या दादरला फुलं घालणाऱ्याला वेगळाच प्रश्न पडतो. वादळ मतदानाच्या आधी येणार की नंतर? कारण पंचनामा कधी होणार आणि मदत किती मिळणार, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. आणि ते त्यावर ठरू नये, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी कॅलेंडर बघा. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळा होतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये. दुसरी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. आता आपल्या निवडणुका बघा. विधानसभेचं मतदान 2014 ला 15 ऑक्टोबरला, 2019 ला 21 ऑक्टोबरला, 2024 ला 20 नोव्हेंबरला. लोकसभेला मुंबईत 2024 ला 20 मे रोजी मतदान झालं. त्याच्या तीनच वर्षं आधी, 17 मे 2021 ला, तौक्ते मुंबईजवळून गेलं होतं आणि कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर गेले होते. म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या निवडणुका वादळाच्या हंगामातच येतात. आजवर ऐन मतदानाच्या दिवशी मुंबईवर चक्रीवादळ आलं नाही, हे नशीब म्हणायचं. 2024 ला मतदानाच्या आठवडाभर आधी, 13 मे रोजी, नुसतं धुळीचं वादळ आलं तर घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली.

आता 2019 आठवा. 18 ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात भाषण केलं. ते सगळ्यांना आठवतं, फोटोसकट. 21 ला मतदान झालं, 24 ला निकाल लागला. भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. त्याच सुमाराला समुद्रात क्यार वादळ तयार होत होतं. 27 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला, त्याचं महाचक्रीवादळ झालं. ते ओमानच्या दिशेनं गेलं, पण कोकणात आणि घाटावर पाऊस ठेवून गेलं. पाठोपाठ महिनाअखेरीस महा नावाचं दुसरं आलं. कोकणात कापलेलं भात शेतातच भिजलं, लोंब्यांना कोंब आले. मराठवाड्यात सोयाबीन, नाशिकला द्राक्षं. राज्यात 90 लाख हेक्टरांच्या वर नुकसान मोजलं गेलं.

झेंडूचं सांगतो. दिवाळीचा तोडा म्हणजे आमचं वर्षाचं गणित. भिजलेलं फूल क्रेटमध्ये भरलं की गाडीतच तापतं आणि दादरला पोचेपर्यंत काळं पडतं. गिरगाव, परळ, लालबागची गिऱ्हाईकं सकाळी येऊन हात लावून बघतात आणि पुढच्या गाळ्यावर जातात. त्या साली माझ्या पट्टीतून गाडीभाडं वजा केलं तर तोडणीची मजुरीसुद्धा उरली नाही. पंचनाम्याला माणूस आला तोवर मी सडलेली झाडं उपटून रान मोकळं केलं होतं. हरभऱ्याची वेळ थांबत नाही ना.

मुंबईत तेव्हा सरकार कुणाचं, यावर खल चालला होता. 2 नोव्हेंबरला मावळत्या सरकारनं 10 हजार कोटींची तरतूद जाहीर केली. बांधावर येऊन नेत्यांनी हेक्टरी 25 हजारांची मागणी केली. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी 8 हजार आणि बागायती फळपिकांना 18 हजार जाहीर केले, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. 28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कात शपथविधी झाला. क्यार येऊन तेव्हा महिना उलटला होता.

त्याच्या शेजारी 2025 ठेवून बघा. सप्टेंबरमध्ये मराठवाडा पुरात गेला. 7 ऑक्टोबरला सरकारनं 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि मदतीची मर्यादा तीन हेक्टरांवर नेली. तेव्हा नगरपालिका, महापालिकांच्या निवडणुका समोर होत्या. दोन्ही वर्षांचा पाऊस वेगळा, काळ वेगळा, सरकारं वेगळी, त्यामुळं तराजूत घालून तोलता येणार नाही हे मान्य. पण एका साली मतं पेटीत पडून गेली होती आणि दुसऱ्या साली पडायची होती, हा फरक शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

आणखी मागं जा. 2009 ला 13 ऑक्टोबरला मतदान झालं, 22 ला निकाल लागला, पण सरकारची शपथ 7 नोव्हेंबरला झाली. चारच दिवसांनी, 11 नोव्हेंबरला, फयान कोकण किनाऱ्यावर आलं आणि समुद्रात गेलेले मच्छीमार परत आले नाहीत. नवं सरकार खुर्चीत बसतंय तोवर वादळ दारात.

कुणी म्हणेल, मग वादळ निवडणुकीच्या आधी आलं तर बरंच की. सरकार पळतं. पळतं, खरंय, आणि मताची भीती असणं ही लोकशाहीत चांगलीच गोष्ट आहे. पण मग ज्याचं पीक मतदानानंतरच्या आठवड्यात गेलं त्यानं काय करायचं? पाच वर्षं थांबायचं? मदत हा हक्क असेल तर तो तारखेवर बदलत नाही. तारखेवर बदलणाऱ्याला लॉटरी म्हणतात.

मुंबईकरांनाही यात एक गोष्ट सांगायची आहे. लालबाग-परळच्या चाळींत कितीतरी घरं अशी आहेत की मत शिवडीत आणि भात सिंधुदुर्गात नाहीतर साताऱ्याला. गावाकडं कौलं उडाली, भाताला कोंब आले, तर त्यांचा लालबागचा उमेदवार त्याबद्दल उत्तर देत नाही, आणि गावच्या उमेदवाराला त्यांचं मत नसतं. दोन्हीकडचं नुकसान सोसणारा हा मतदार कुणाच्याच हिशोबात बसत नाही. म्हणून नियमच पक्का असणं त्याला सगळ्यात जास्त गरजेचं आहे.

जगात याची मोठी उदाहरणं आहेत. 12 नोव्हेंबर 1970 ला भोला चक्रीवादळानं पूर्व पाकिस्तानात लाखो माणसं मारली. मतदान 7 डिसेंबरला होतं, वादळग्रस्त भागात ते 17 जानेवारीपर्यंत पुढं ढकललं. मदतीत झालेल्या दिरंगाईचा राग आधीच्या असंतोषात मिसळला आणि अवामी लीगनं तिथल्या 162 पैकी 160 सर्वसाधारण जागा जिंकल्या. एकट्या वादळानं देश तुटला असं नाही, पण सरकार कुणाचं आहे हे लोकांना त्या वादळात दिसलं.

चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2019 ला लोकसभेची निवडणूक चालू असताना फनी ओडिशाकडं निघालं. ते 3 मेला पुरीजवळ किनाऱ्यावर यायच्या आधीच निवडणूक आयोगानं किनारी जिल्ह्यांत आचारसंहिता शिथिल केली आणि राज्यानं सुमारे 12 लाख लोक हलवले. म्हणजे ठरवलं तर जमतं.

उलट ओखीच्या वेळचं बघा. 2017 ला गुजरातमध्ये 9 डिसेंबरला मतदान होतं, त्यामुळं 5 तारखेला वादळानं कुणाच्या सभा रद्द झाल्या याच्या बातम्या देशभर चालल्या. त्याच दिवशी दादरला चैत्यभूमीवर बाहेरगावाहून आलेली माणसं पावसात होती. शिवाजी पार्कचं मैदान चिखल झालं आणि पालिकेनं त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. त्या शाळा मला महत्त्वाच्या वाटतात. कारण मुंबईत मतदान केंद्र पालिकेच्या शाळेत असतं आणि वादळात निवाराही शाळेतच. दोन्ही एका दिवशी आलं तर वर्गात बाक लावायचे की सतरंज्या घालायच्या? हिंदमाताला पाणी भरलं तर परळचा म्हातारा मतदार केंद्रापर्यंत जाणार कसा?

माणसांचंही तेच. गावात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक हीच तिघं पंचनामा करतात आणि निवडणुकीचं कामही अशाच कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडतं. मुंबईत पालिकेचे कर्मचारी आणि शिक्षक. म्हणजे निवडणुकीच्या महिन्यात वादळ आलं की हात तेच, कामं दोन.

यावर माझ्या मते चार गोष्टी व्हाव्यात.

एक. 33 टक्क्यांच्या वर नुकसान झालं की मदतीचे दर ठरलेलेच आहेत. तसे दिवसही ठरवा. पीक विम्यात शेतकऱ्यानं 72 तासांत कळवायचं असा नियम होता. मग पंचनामा किती तासांत, पैसे किती दिवसांत, हेही लिहून द्या. सरकार असो, काळजीवाहू असो, नाहीतर राष्ट्रपती राजवट.

दोन. हवामान खात्याचा इशारा आला की त्या तालुक्यातली पंचनाम्याची माणसं निवडणुकीच्या कामातून सोडा.

तीन. चालू नियमानं मदत द्यायला आचारसंहिता आड येत नाही, परवानगी लागते ती नव्या घोषणेला. हे कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे "आचारसंहिता आहे" म्हणून कुणी शेतकऱ्याला परत पाठवणार नाही.

चार. किनाऱ्यावरच्या शहरात मतदान केंद्र आणि निवारा यांच्या याद्या आधीच वेगळ्या करा. नैसर्गिक आपत्तीत केंद्रावरचं मतदान पुढं ढकलायची सोय 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पण ती शेवटची सोय झाली. 2012 ला अमेरिकेत मतदानाच्या आठ दिवस आधी सँडी वादळ आलं, तेव्हा न्यूयॉर्कनं घर सोडावं लागलेल्यांना दुसऱ्या केंद्रावर मत द्यायची मुभा दिली. आपल्याकडं यादीतलं नाव एका केंद्राला बांधलेलं असतं. यावर आयोगानं विचार करावा.

प्रचारात आमच्या झेंडूला मागणी असते, हार लागतात, ते आम्ही आनंदानं देऊ. पण यापुढं उमेदवार हार घालून दारात आला तर, दादरला असो नाहीतर गावाला, त्याला एकच विचारा: मतदानाच्या दुसऱ्या दिवशी वादळ आलं तर पंचनामा किती दिवसांत? आकडा सांगितला तर लिहून ठेवा, तारखेसकट.

तुमच्याकडं 2019 चा पंचनामा कधी झाला, पैसे कधी आले, खाली लिहा. जिल्हा आणि पीक तेवढं नक्की टाका.