आधी वही, मग पाना



गेल्या नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला गेलो होतो. गड उतरलो आणि मुक्कामाला मावसभावाच्या घरी गेलो. दरवेळी ओसरीवरच हसून स्वागत होतं. या खेपेला घर गप्प होतं. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि डोळ्यांनीच आतल्या खोलीकडं खूण केली. तिथं टेबलावर एक काळी पेटी, शेजारी पडदा, आणि पुढ्यात मान खाली घालून बसलेला पुतण्या.

पोरानं हा संगणक स्वतः जोडलेला. काही भाग नवे, काही जुन्या बाजारातले. खेळ खेळायची हौस तर होतीच, पण लग्नाच्या चित्रफिती जोडून देण्याचं कामही त्यानं धरलं होतं. कापसाच्या पट्टीतले पैसे त्यात गेले होते. आणि आता खेळ लावला की पंधरा-वीस मिनिटांत पेटी विझायची. एका लग्नाचं अर्धं काम असंच वाया गेलं. गिऱ्हाईक चिडलं, बाप चिडला, आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं.

"काका, ग्राफिक्स कार्ड गेलं असंल. नवीन टाकावं लागंल. अठरा हजार," पोरगा म्हणाला.

"एक रुपाया भेटणार नाही," भाऊ ओसरीवरूनच गरजला.

मला संगणकातलं फारसं कळत नाही. पण मी भावाला विचारलं, "विहिरीवरची मोटार पाणी ओढेना, तर तू आधी काय करतोस?"

"आधी लाईन पाहतो. तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला का. मग स्टार्टर, मग वायर. मोटार वर काढायची सगळ्यात शेवटी. तिला चार माणसं लागतात."

"मग पोराची मोटार तुम्ही आधीच वर का काढताय?"

भाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग उठून आत आला आणि कितीतरी दिवसांनी पोराशी बोलला. "केव्हा बंद पडते रे?"

"केव्हाबी पडते, आबा."

"केव्हाबी असं काही नसते. वही घे. पेटी विझली की वेळ लिही. त्या वेळी काय चालू होतं, लाईट कशी होती, सगळं लिही."

मी दुसऱ्या दिवशी निघालो. पुढची हकिकत फोनवरून कळत गेली ती अशी.

नऊ दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ खेळ चालू असतानाच्या. दोन मात्र वेगळ्या होत्या. त्या वेळी खेळ नव्हताच, नुसतं लिहिण्याचं काम चाललं होतं, पण लाईट गेली होती आणि इन्व्हर्टरनं 'टक्' केलं होतं. म्हणजे दुखणं एक नव्हतं, दोन होती.

लहान दुखणं आधी धरलं. घरच्या पुष्कळशा इन्व्हर्टरला मागच्या बाजूला एक खटका असतो. एकीकडं साधी पद्धत, दुसरीकडं यूपीएस. साध्या पद्धतीत बॅटरीवर जायला जरा वेळ लागतो. दिव्या-पंख्याला त्याचं काही वाटत नाही, पण संगणकाचा पॉवर सप्लाय विजेशिवाय सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच तग धरतो. खटका यूपीएसकडं केला आणि त्या दोन नोंदींसारखी तिसरी झाली नाही. व्होल्टेज उतरलं की इन्व्हर्टर आता लवकर बॅटरीवर जातो, एवढं मात्र ध्यानात ठेवावं लागतं.

राहिल्या नऊ. पोराला वाटलं, उष्णता असेल. पेटीची बाजू उघडून टेबलफॅन लावला. अंशमापक दाखवणारा प्रोग्राम लावला, तर आकडा सत्तरच्या घरात. प्रोसेसर साधारण पंचाण्णव ते शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि त्याहून तापला तरच बंद होतो. म्हणजे उष्णता नाही. मग रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या. पेनड्राइव्हवरून चालणारा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर फिरवला, एकही चूक निघाली नाही. इथं एकाही चुकीला माफी नसते. मग ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं. पेटी दिवसभर चालली, पण त्याशिवाय खेळ लागत नाही. पोरगा म्हणाला, "पाहा, कार्डच गेलं."

भाऊ म्हणाला, "मोटार काढली तर फ्यूज जात नाही. म्हणून काय मोटार जळली म्हणायचं? भार उतरला, एवढंच समजलं."

त्या एका वाक्यानं अठरा हजार वाचले. किनवटच्या एका मित्राचा पॉवर सप्लाय एका रात्रीपुरता मागून आणला. कार्ड तेच, खेळ तोच. तीन तास झाले, पेटी विझली नाही. पण भाऊ तेवढ्यावर थांबला नाही. "आता आपला जुना पुन्हा लाव." लावला. अठराव्या मिनिटाला पेटी विझली. आता शंका उरली नाही.

जुन्या डब्यावरची पाटी दोघांनी मिळून वाचली. वर मोठ्या अक्षरात 500 वॉट. खाली बारीक अक्षरात 12 व्होल्टच्या लाईनपुढं 25 अँपिअर. बारा गुणिले पंचवीस म्हणजे 300 वॉट. आणि प्रोसेसर काय, कार्ड काय, दोघंही मुख्यतः याच लाईनवर जगतात. एकटं कार्डच 200 मागतं, आणि क्षणभर त्याहूनही जास्त ओढतं. "पाटी पाच एचपीची अन् काम तीनचं!" भाऊ हसत म्हणाला. चांगला पॉवर सप्लाय कार्डाच्या किमतीच्या चौथाईत आला.

जाता जाता आणखी एक गोष्ट सापडली. पेटीला अनवाणी हात लावला की मुंग्या येत. पोराला त्याची सवय झाली होती. ही सवय होऊ देऊ नये. प्लगाला तीन पिना होत्या, पण भिंतीतल्या खोबणीला अर्थिंगच नव्हतं. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं. तुमच्याकडंही असं होत असेल तर आजच पाहा. हा संगणकाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांच्यासाठी चार खुणा सांगतो. दिवा विझावा तशी पेटी झटक्यात विझली, तर वीज, पॉवर सप्लाय किंवा उष्णता पाहा. निळा पडदा येऊन दरवेळी वेगळा मजकूर दिसला, तर पहिला संशय रॅमवर. पडदा काळा पण आवाज चालूच, तर कार्ड किंवा त्याची वायर. वेग वाढवण्याची कुठली सेटिंग केली असेल, तर ती आधी मूळ जागी न्या. एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर गुण कशानं आला ते कळत नाही. पेटी उघडण्याआधी प्लग काढा, आणि पॉवर सप्लायचा डबा तर कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. धूळ उडवताना पंखा बोटानं धरून ठेवा.

वहीचं महत्त्व थोरांनीही जाणलं होतं. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेतल्या हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात एक पाकोळी अडकलेली सापडली. यंत्र चालवणाऱ्यांनी ती काढून वेळेसकट नोंदवहीत चिकटवली. ती वही तिकडच्या संग्रहालयात आजही जपून ठेवली आहे. उलट, 2024 साली इंटेल कंपनीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांमुळे खेळ बंद पडू लागले, तेव्हा कित्येकांनी आधी खेळालाच दोष दिला. पुढं कंपनीनंच कबूल केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा दोष कुणाचा हे आधी ठरवून टाकू नये, आणि बिल मात्र जपून ठेवावं.

परवा वहिनींचा फोन आला. लग्नाची राहिलेली चित्रफीत पुरी झाली, पैसेही आले. आता रात्री जेवण झालं की बापलेक पेटीपुढं बसतात. भाऊ खेळात ट्रॅक्टर चालवतो म्हणे, आणि पोरगा त्याला शिकवतो. मोटारीच्या स्टार्टरला आता दोरीनं एक वही बांधली आहे. त्यात पोराच्या अक्षरात नोंदी असतात.